अंबडच्या रस्त्यावर दोन फटफट्यांची परीक्षा

माझी वकिली अंबडच्या कोर्टात आणि घर जुन्या जालन्यात. बस कधी भरून जाई, कधी येतच नसे. कोर्टात पुकारा होई तेव्हा मी बहुधा वाटेत असे. दोन पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेले, तेव्हा मोटारसायकल घ्यायचं ठरवलं.

ओळखीच्या मिस्त्रीकडे दोन जुन्या विलायती फटफट्या विकायला होत्या, दोन्ही वेगाच्या शौकिनांसाठी बनवलेल्या. कोर्टातल्या एका सोबत्याने इंग्रजी मासिक आणून दिलं. त्यात नेमकी या दोघींचीच तुलना होती. पहिलीला वेगाबद्दल आणि दमदार आवाजाबद्दल शाबासकी. दुसरी सगळ्यातच थोडी मागे, शिवाय आवाजात जीव नाही म्हणून तिचे गुण कापलेले.

"छापलंय ना, मंग घेऊन टाका पहिली," सोबती म्हणाला.

पण मासिकात चालवणाऱ्याचं वजन दिलं होतं, रस्त्याबद्दल काहीच नव्हतं. मी तागडीचा काटा पाहिल्याशिवाय भाजी घेत नाही. तेव्हा एका रविवारी आपणच परीक्षा घ्यायची ठरली. दोन्ही गाड्या जुन्या जालन्यातून एकदम सोडायच्या, कोर्टाच्या फाटकाशी आधी पोचेल ती घ्यायची. पहिलीवर मिस्त्री आणि मागे मी. दुसरीवर सोबती, त्याच्या मागे ज्वारीचं पोतं. ते बरोबर माझ्या वजनाचं व्हावं म्हणून मी अडत्याच्या काट्यावर बराच वेळ ज्वारी काढत-घालत होतो.

"साहेब, लग्न जमवून राह्यले का गाडी घेऊन राह्यले?" मिस्त्रीने विचारलं.

पहिली खरोखर सुसाट निघाली. अडचण एवढीच की माझी सासरवाडी त्याच रस्त्यावर. आवाज ऐकून सासरे रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"उतरा, जावईबापू."

"मामा, परीक्षा चाललीय. जल्दी आहे."

"या वयात कसली परीक्षा? आधी जेवा, मंग द्या."

आम्ही जेवून अंबडला पोचलो, तेव्हा सोबती पोत्याला टेकून झोपला होता.

एका फेरीवर निकाल देणं मला पटेना. पुढच्या रविवारी मी दुसरीवर सोबत्याच्या मागे बसलो आणि पोतं पहिलीवर बांधलं. दुसरी सासरवाडीवरून गेली तरी कुणी मान वर केली नाही. मिस्त्री मात्र फार उशिरा आला, ढेकर देत आणि पोत्याशिवाय.

"पोतं कुठंय?"

"गाडीचा आवाज वळखून तुमचे सासरे आडवे आले. तुम्ही न्हाई म्हणल्यावर मलाच जेवाया बसवलं. जावयानं ज्वारी धाडली म्हणून पोतं आत नेलं. मी काय बोलू?"

दोन्ही फेऱ्यांत दुसरी पहिली आली. मी तीच घेतली. सोबती म्हणाला, ही काही परीक्षा झाली नाही. मी म्हटलं, मला रोज जायचंय तो रस्ता हाच आहे. तेव्हापासून पुकारा होतो तेव्हा मी कोर्टात हजर असतो.

पुढे एकदा सासरे आमच्याकडे आले. चहा पिता पिता मुलीला म्हणाले, "यांना ही फटफटी बदलाया सांग. बिलकुल आवाज न्हाई. माणूस कधी गेल्ता तेबी कळत न्हाई."

मासिकाने गुण कापले होते ते याच कारणासाठी. तेवढं मात्र त्यांनी अगदी बरोबर छापलं होतं, हे मी दुसऱ्या दिवशी कोर्टात सोबत्याला प्रामाणिकपणे सांगितलं.