कपाटामागच्या तारा

आमच्या घरातले स्पीकर कधी बिघडलेच नव्हते. त्यांच्या तारा मी काढल्या होत्या. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, फौंड्रीत होते. ग्राइंडरशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान गेले. निवृत्तीनंतर एकच नाद उरला: नृसिंहवाडीला पालखीपुढं म्हणतात ती पदं. छोटा टेपरेकॉर्डर घेऊन जायचे आणि स्वतः टेप करून आणायचे. सकाळी कॅसेट लावली की अँप्लिफायरचं बटण पार शेवटाला. फळीवरची भांडी थरथरायची. आत भाकरी थापता थापता आई त्याच पदात आपला सूर लावायची. आबांना तो ऐकू यायचा नाही. पण पद संपलं की ती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहायची, आणि आबा तिच्याकडं बघून मान हलवायचे. दिवसभरात दोघांचं एवढंच काय ते एकत्र.

माझं ऑफिस घरून सुरू झालं आणि मला हे नकोसं झालं. एकदा मीटिंगमध्ये पुण्याचे साहेब म्हणाले, "तुमच्याकडं प्रसाद कधी वाटणार?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच दुपारी हेडफोन अँप्लिफायर मागवला.

तळहाताएवढी काळी डबी. जुन्या अँप्लिफायरच्या पाठीमागं रेकॉर्डिंगसाठी दोन भोकं होती. त्यात लाल-पांढऱ्या पिना घातल्या, दुसरं टोक डबीत, आणि डबीत हेडफोन. या वाटेनं येणाऱ्या आवाजाला अँप्लिफायरचं आवाजाचं बटण लागू होत नाही. ते शून्यावर ठेवलं असतं तरी स्पीकर गप्प बसले असते. पण आबांचा हात बटणावर जाणारच, हे मला ठाऊक होतं. म्हणून स्पीकरच्या तारा उपसल्या आणि गुंडाळून कपाटामागं ढकलल्या.

"आबा, स्पीकर उडालेत. आता यातनंच ऐकायचं."

हेडफोन घातले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आरं, झांज न्यारी ऐकू येतीया की!" ते खरंच होतं, आणि माझ्या पथ्यावर पडलं. फक्त आपण किती मोठ्यानं बोलतोय, हे त्यांना कळेनासं झालं. "चहा!" म्हणून आरोळी ठोकायचे.

"अवो, हळू! चहा तुमास्नी पायजे, गल्लीला न्हवं," आई आतून म्हणायची.

"आँ?"

"काय न्हाय. ऐका तुमी."

मला शांतता मिळाली. आठ-दहा दिवसांनी लक्षात आलं, आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज येतोय. आईनं तक्रार केली नाही. एकदाच विचारलं, "दुरुस्त हुईत न्हाईत व्हय रं ती?"

"जुनी हायत, आई. पार्ट मिळत न्हाईत."

"असू दे मग," म्हणाली.

आबांनी मात्र एक दिवस एक स्पीकर पोत्यात घालून रिक्षातनं दुरुस्तीला नेला. घामाघूम होऊन परत आले. "मिस्त्री म्हणतोय, ह्येला काय झालेलंच न्हाय."

"मग अँप्लिफायर गेला असंल," मी म्हणालो.

हेडफोन तर त्याच अँप्लिफायरवर वाजत होते. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग हेडफोन चढवले. पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट पुढं ओढलं. जाळ्या झटकून तारा जोडल्या, त्यांचीच एक कॅसेट लावली. मध्येच कुणीतरी खोकलं. तो आबांचा खोकला होता, टेप करताना आलेला. पद संपलं तशी आई पिठाच्या हातानं दारात आली. आबांच्या खुर्चीकडं बघून उभी राहिली.

"झाली व्हय दुरुस्त?"

"व्हय," मी म्हणालो.

"त्यास्नी पायजे हुतं रं हे." एवढं बोलून ती आत गेली. तवा तापला होता.

आता रोज ती कॅसेट लावायला सांगते, मी लावतो. ती अजून गात नाही. स्पीकर इतके दिवस का बंद होते, ते मी तिला सांगितलेलं नाही. तेवढं देणं माझ्याकडं बाकी आहे.