कागदात नसलेली चौथी मागणी

सकाळी मेथी उपटून आम्ही दोघं नवराबायको कालव्याकडच्या बांधावर जुड्या बांधत बसलो होतो. बांधायला केळीच्या बुंध्याची सोपटं, भिजवून मऊ केलेली. ती सोपटाचं टोक दातात धरायची, एक वेढा, एक गाठ, की जुडी झाली. माझी एक उचलून म्हणाली, "अवं, ही जुडी हाय का गवताचा भारा? बारामतीला जाईस्तवर इस्कटंल."

"तू आवळतीस त्यानं मेथीचा जीव जातोय."

हसली. मग नेहमीचं विचारलं, "औंदा तरी लागंल का वो आपला नंबर दिल्लीत?"

"पुढच्या अधिवेशनात लागंल," मी म्हणालो.

आमचं धड बोलणं म्हणायचं तर तेवढंच शेवटचं. नंबर कसला, ते आधी सांगतो.

निवडणूक होऊन आमच्या भागातून विरोधी पक्षाचा माणूस दिल्लीला गेला. इंदापूरची सभा उरकून तो आमच्या गावात आला. वडगाव निंबाळकरच्या अलीकडं आमचं गाव. मारुतीच्या पारावर बसला आणि सरळ बोलला. "मी सरकारच्या बाकावरचा नाही. मला बोलायला वेळ मिळतो चिमटीएवढा. प्रश्न लिहून टाकायचा, नंबर लागला तर लागला. म्हणून सगळं सांगू नका. आधी काय मागू, ते सांगा."

गडी माणसं मराठी राज्य म्हणाली, कारखाना म्हणाली. बायका पलीकडं उभ्या होत्या. त्यातून ही पुढं झाली. "सायेब, डॉक्टर द्या."

आमची लेक पहिल्या बाळंतपणाला आली आणि आमच्याच घरात गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"आक्का, डॉक्टर मुंबई सरकार देतं. माझ्याकडं दिल्लीचं. रेल्वे, पोस्ट, टेलिफोन."

"मग टेलिफोन द्या. पोस्टात ठिवा. आता सायकलवाला धाडायचा, आन डॉक्टर घरी नसला की त्यो तसाच माघारी. टेलिफोन आसल्यावर हितनंच कळंल, डॉक्टर कुठं हाय."

साहेब आमच्याकडं बघून म्हणाला, "बघा. दिल्लीचं नेमकं ह्यांनी मागितलं." गावाचा कागद लिहून पाठवा म्हणाला. बायकांचेही अंगठे घ्या म्हणाला.

मी तिसरी पास. अक्षर बरं, म्हणून कागद माझ्याकडं आला. दुसऱ्या दिवशी चावडीत बसून लिहिला. पहिलं, मराठी माणसाचं वेगळं राज्य. दुसरं, साखर कारखान्याचं लायसन. तिसरं, बारामतीची छोटी रेल्वेगाडी मोठी करा. चौथ्याला टाक बुडवला, तर एक जण म्हणाला, "तात्या, वयनींना दिल्लीशी बोलायचं दिसतंय!"

"दिल्लीशी कशाला, म्हायेरी बोलतील. तात्याची गाऱ्हाणी सांगतील!" दुसरा म्हणाला.

चावडी हसली. मीही हसलो. टाक पुसला आणि दौतीला बूच लावलं. मनाची समजूत घातली, की चार मागण्या केल्या तर तीनही जातील. खरं तर मला लाज वाटली. बायकोचं ऐकून लिहितो असं म्हणतील, एवढीच लाज.

संध्याकाळी कागद आणि त्याची नक्कल घेऊन घरी आलो. आमच्याकडं रीत आहे, कागद पुरा लिहून वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. अंगठ्याच्या वर असेल तेवढं कबूल, खाली लिहिलेलं कोणी धरत नाही. तिला रीत ठाऊक होती. म्हणाली, "वाचून दावा."

मी वाचलं. तीन वाचली आणि न थांबता चौथंही वाचलं. 'गावच्या पोस्टात टेलिफोन बसवावा.' कागदावर नव्हतं ते वाचलं. तिनं हात पदराला पुसला आणि दोन्ही कागदांवर अंगठा दाबून उठवला.

मग चावडीत पेपर वाचला जायचा. आपला माणूस राज्यासाठी भांडला, सभागृह सोडून बाहेर पडला, असं यायचं. मी घरी येऊन सांगायचो. ती म्हणायची, "भांडू द्या. आपलं चौथं हाय, दम धराय पायजे." मी मान हलवायचो. सांगायला कैक दिवस होते. सांगितलं नाही.

त्या सकाळी सोपटं संपली म्हणून ती केळीत गेली. घोणस चावली. घोट्यावर. मी वर फडकं बांधलं, घरी आणलं. शेजारच्याची सायकल बारामतीला गेली. डॉक्टर इंदापूरच्या रस्त्याला एका गावी गेलेला. सायकल तिकडं गेली, तर तो तिथूनही पुढं. उन्हं कलली तेव्हा डॉक्टर इंजेक्शन घेऊन दारात आला. तोवर सगळं झालं होतं. लवकर येऊन वाचली असती का, विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाला.

दुपारी तिला बोलवत होतं तेव्हा मी पायाशी बसलो होतो. म्हणाली, "चौथं घातलं तितंच चुकलं. पयलं घालाय पायजे हुतं." मग म्हणाली, "तुमचा दोष न्हाय. त्यो नंबरच लागला न्हाय."

तेव्हा तरी सांगायचं. तोंड उघडलं आणि पाणी हवं का, विचारलं.

दिवस मावळायच्या आत नदीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाव्हण्यांची गर्दी होती. बांधावर जुड्या तशाच पडल्या होत्या, कोणी उचलल्या नव्हत्या. मी ट्रंकेतली नक्कल काढली आणि ओसरीत टेकून बसलो. तीन मागण्या, खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे, आणि शेवटी तिचा. रेघा अजून स्पष्ट होत्या. टाक घेतला आणि चौथी मागणी लिहिली, गावच्या पोस्टात टेलिफोन बसवावा. वर जागा नव्हती. तिच्या अंगठ्याच्या खाली लिहिली.