गाय माझी, सही माझी

गाय माझी होती, हे आधी सांगून ठेवते. कारण वाघिणीच्या नावानं जे सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते, त्यांच्या गोठ्यातली शेळीसुद्धा गेली नव्हती. गेली ती माझी तांबडी. कपाळावर पांढरा ठिपका, एक शिंग वाकडं, आणि धार काढताना शेपटीनं माझ्या डोक्यावरचा पदर पाडायची खोड. तूर फुलावर आली होती तेव्हाची गोष्ट. गावचा ढोरकी सगळ्यांची ढोरं घेऊन नाल्याकडं गेलेला, आणि भर दुपारी तो चपला हातात घेऊन पळत आला.

"आजी, तुमची तांबडी गेली वो! नाल्याच्या काठाले, तुमच्याच वावरात!"

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जंगलाला चिकटून. माझ्या वावराचा शेवटचा धुरा, म्हणजे बांध, संपला की झाडी सुरू. त्या वावरात मी वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजाराच्या दिवशी समुद्रपूरला नेऊन विकते. तर धावत गेले. तांबडी आडवी पडली होती, मानेवर चार भोकं. रडले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तिच्या वाकड्या शिंगाला धरून रडले.

पण डोळे पुसले तेव्हा शेजारच्या वाफ्यात बघितलं. सकाळीच पाणी दिलं होतं, माती ओली होती. तिच्यावर बशीएवढा एक पंजा, आणि त्याच्या आजूबाजूला चहाच्या कपाच्या तोंडाएवढे बारके पंजे, दोन जोड्या. म्हणजे बाई लेकरंवाली होती.

तोवर अर्धं गाव जमलं. कोणीतरी ट्रॅक्टर आणला, दोर आणला. गाय ओढून खड्ड्यात पुरायची.

"हात लावायचा नाई," मी म्हटलं.

"काऊन? वास सुटन न आजी!"

"सुटू दे. वावर माझं, गाय माझी, वास बी माझाच."

मला वेड लागलं असं वाटलं त्यांना. पण मी उगीच नव्हते बोलत. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वाघिणीनं गावातला एक बैल मारला होता. लोकांनी लगेच ओढून नेला, पुरला. वाघीण परत आली, बघते तर काही नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्याची गाय धरली. भरल्या ताटावरून उठवलेला कोणी उपाशी झोपतो का? तो दुसरं घर शोधतो.

जंगल खात्याचा गार्ड आला, पंचनामा झाला. पोरगा शहाणा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजी, राहू द्या गाय तिथंच. फक्त माणसं आवरा." माणसं आवरायचं काम मी घेतलं. तीन दिवस, ऊन असेपर्यंत, वावराच्या बऱ्याच अलीकडं, वावराकडं येणाऱ्या वाटेच्या, पांधणीच्या तोंडाशी काठी घेऊन बसले. वर्ध्याहून मोटरसायकलवर पोट्टे आले, हातात मोबाइल.

"आजी, एकच फोटो."

"तुही माय जेवाले बसते तवा असाच फोटो काढतं का रे तिचा?"

मोबाइल खिशात घालून गेले. त्या तीन दिवसांत गावातल्या दुसऱ्या एकाही जनावराला ओरखडा आला नाही. चौथ्या दिवशी गार्डसोबत गेले, तर तांबडीचं डोकं तेवढं उरलं होतं.

मग सभा भरली, शाळेच्या ओसरीवर. आमच्या सरपंच बाई आहेत, पण बोलतो त्यांचा नवरा. त्यानं अर्ज लिहून आणला होता : वाघीण पकडून दुसरीकडं न्यावी. खाली सगळ्यांच्या सह्या. सगळ्यात वरची जागा रिकामी. ती माझी.

"गायवालीचीच सही नसली तर सायेब काय म्हणन? करून टाका न आजी."

गार्डही सभेला आला होता. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तिचे पिल्लं शिकार करतात का?"

तो खाली बघत म्हणाला, "नाई अजून. माय गेली तर उपाशी मरतीन, नाई तं जिंदगीभर पिंजऱ्यात."

"ऐकलं? मंग माझी सही नाई."

आता मला एवढा हट्ट कुठून आला तेही सांगते. आमच्या भजनी मंडळाच्या बायका सोमनाथ-द्वारकेला गेलो होतो. परतीच्या वाटेवर बसवाल्यानं गीरला थांबवलं. उघड्या गाडीत बसवून जंगलात नेलं. एका झाडाखाली चार सिंहिणी पसरलेल्या, आणि त्यांच्या अंगावर पिल्लं अशी चढत होती जशी लग्नघरी गादीवर लेकरं. कोणतं पिल्लू कोणाचं, काही कळेना. जी हाताशी येईल तिला पीत होती.

मी विचारलं, "यांचे माणसं कुठं हायेत?"

तिथला वाटाड्या हिंदीत सांगायला लागला. नर असतात, हद्द राखतात. ते गेले, मेले किंवा हाकलले गेले, की नवे नर येतात आणि आधीच्यांची पिल्लं मारून टाकतात. आमच्यातली एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मेले आग लागो त्यायले!" आजारी सिंह उचलतात, औषध देऊन परत सोडतात, हेही त्यानं सांगितलं. आणि काही लोक म्हणतात, फार झाले, न्या दुसरीकडं.

बाहेर आलो तर एका म्हैसवाल्या म्हाताऱ्यानं चहा दिला. त्याच्या दोन म्हशी सिंहांनी खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, "मग तुम्ही नाही का म्हणत, न्या म्हणून?" तो हसला. "बहन, शेर ले जाओगे, जगह थोड़ी ले जाओगे. कल दूसरा आएगा, और उसको मेरा रास्ता भी मालूम नहीं होगा."

ते वाक्य मी गाठीला बांधून आणलं होतं. सभेत सोडलं.

"आजी सिंह पाहून आली अन् डॉक्टर झाली!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

गार्ड हळूच म्हणाला, "सिंह कुटुंबात राह्यते, आजी. वाघ एकटा राह्यते." मग जरा मोठ्यानं, "पण जागा रिकामी नाई राह्यत, हे खरं हाय. ही वाघीण आजवर माणसावर नाई आली. येणारा कसा राहीन, मी नाई सांगू शकत."

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात माझ्या धुऱ्याला धुरा लागून जिचं वावर आहे, ती उठली. माझ्या सुनेच्या वयाची. सभेत कधी बोलत नाही.

"मावशी, तुमची गाय गेली, तुमी देऊन टाकली. मोठं मन हाय तुमचं. माह्या घरचा माणूस आठवड्यातून चार राती गव्हाले पाणी द्याले जाते. त्याले बी देऊन टाकू का?"

मी दिवसा वांगी तोडणारी बाई. खरंच, माझं काय गेलं होतं, एक गाय. मी खाली बसले. कोणी पाणी दिलं ते प्याले. आणि पिता पिता तिच्याच बोलण्यातलं एक टोक हाताला लागलं.

"बाई," मी म्हटलं, "तुह्या माणसाले रातच्याले वावरात कोण बोलावते? वाघीण?"

ती म्हणाली, "लाईन. मोटरीची लाईन रातचीच देतात."

"मंग वाघिणीवर कायले अर्ज करता? लाईनीवर करा. दिवसा लाईन द्या म्हणा. मंग वाघीण राहो, वाघ येवो, आपला माणूस रातच्याले घरात राहीन."

सरपंचाचा नवरा चिडला. "लाईन आपल्या हातात हाय का, आजी?"

"अन् वाघीण हाय का?"

यावेळी हसले ते त्याला. मी त्याच्या वहीतला कोरा कागद फाडून घेतला, त्यावर सगळ्यात वर सही ठोकली आणि शेजारणीकडं दिला. तिनं माझ्या खाली केली.

समुद्रपूरच्या वीज कार्यालयात आम्ही अकरा बायका गेलो. साहेब म्हणाले, वेळापत्रक वरून येतं. शेजारीण पुढं झाली, सभेत न बोलणारी. "सायेब, मंग वरच्याले सांगा, एक रात आमच्या वावरात मोटर चालू कराले या. बॅटरी आमी धरतो."

दुसऱ्या खेपेला साहेब भेटलेच नाहीत. तिसऱ्या खेपेला बाजाराचा दिवस होता, तर आम्ही टोपल्या तिथंच नेल्या आणि कार्यालयाच्या पायऱ्यांवर दुकान मांडलं. शिपायानं सांबार घेतला. साहेबांच्या ड्रायव्हरनं वांगी घेतली, भाव करून. संध्याकाळी साहेबांनी आत बोलावलं.

चारपैकी दोन राती सुटल्या, त्यांची लाईन दिवसा मिळायला लागली. तेवढंच. उरलेल्या दोन राती लाईन असली तरी शेजारणीचा माणूस घरीच राहतो, आणि गहू थोडा पातळ येतो. वाघिणीवरचा अर्जही माझ्या सहीशिवाय गेलाच होता. गार्डनं मला सांगितलं, "सायबानं विचारलं, गायवाली कुठं हाय? म्या म्हटलं, पांधणीवर बसली हाय, तिलेच विचारा." त्याचं पुढं काही झालं नाही.

पुढच्या वर्षीच्या होळीपर्यंत वाफ्यातले कपाएवढे पंजे बशीएवढे झाले. मग माय कोणती अन् लेकरू कोणतं, मला ओळखू येईना. पाऊस लागला तसे ते आपापल्या वाटेनं गेले असावेत; आता एकच पंजा दिसतो.

मागच्या आठवड्यात सरपंचाच्या घरचं वासरू गेलं. नवरा स्वतः माझ्या ओट्यावर आला. हातात नवा अर्ज, वर पेन.

"आता तरी, आजी?"

"वाईट झालं," मी म्हटलं, आणि खरंच वाईट वाटलं होतं. "वासरू पुरलं का?"

तो ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "नाई. तसंच ठेवलं. तुमच्यासारखं."

"बरं केलं. आता तो कागद उलटा कर. मागं लिही, उरलेल्या दोन राती बी दिवसा द्या. त्याच्यावर पयली सही माझी."

लिहिलं काही नाही, पेन त्यानं खिशात ठेवलं, पण कागद उलटा करूनच नेला. सोमवारी आम्ही बायका पुन्हा जातो आहोत. तोही येतो म्हणाला आहे. आला तर बरंच, नाही आला तर पायरीवर टोपल्यांना जागा जास्त होईल.