खटाऱ्यावर उतरलेली कॅसेट

तापलेल्या हळदीचा वास आला की मला स्वयंपाकघर नाही, वसमतच्या आमच्या फोटो स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर आठवतो. गावभर उडणारी हळदीची धूळ त्याच्याही पोटात शिरली होती आणि तो तापला की दुकानभर वास सुटायचा. व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं कार्ड मी नांदेडहून आणलं, तेव्हा तिथला दुकानदार हसला होता, "ताई, तुमच्या खटाऱ्यावर हे चालणार न्हाई." कार्ड बसवलं त्याच दिवशी तांड्यावरची एक बाई लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आली. त्या बाईचा नवरा वारला होता, नाचताना तो फक्त त्या कॅसेटमध्ये उरला होता. फितीला बुरशी चढलेली, एकदा लावली की पुन्हा चालेल याचा भरवसा नव्हता. "लावा बाई," ती म्हणाली, "पेटीत तरी सडूनच राह्यली." चित्र उतरवायचं आणि तेव्हाच दाखवायचंही, हे कॉम्प्युटरला झेपेना, म्हणून मी दाखवणं बंद केलं. स्क्रीन काळी झाली. "बंद पडलं! काढ ती कॅसेट," माझा नवरा ओरडला. "चालू हाय. हात लावू नका," म्हणत मी आडवी उभी राहिले. उतरलेलं चित्र लावून पाहिलं, तर ते अडखळत होतं, नाचणारा माणूस मधेच थिजायचा आणि एकदम पुढे सरकायचा. "पाह्यलंस?" नवरा म्हणाला. तेवढ्यात ती बाई तोंडाला पदर लावून हसली, "आमचा म्हातारा असाच नाचायचा, दम खात खात." ते कार्ड चाललंच नव्हतं, असं नवरा आजही म्हणतो. म्हणू दे. तांड्यावर जाऊन तिच्यासमोर म्हणून दाखवावं.