करंट बंतु

रेडिओ घुमत होता. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, शेजारच्या रेणुकाबाईंना भिंतीपलीकडं ऐकू येत होतं, अंगणातल्या शेळीनंसुद्धा कान उभे केले होते. ऐकू येत नव्हतं ते एकाच माणसाला, आणि रेडिओ दुरुस्त करायला बसला होता तोच.

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आमच्याकडं अजून मानतात. पण 'हे' आणि 'ते' करत लिहीत बसले तर कोण कुठला ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सरळ घेते. हावगेप्पा. मी नागरत्ना, जनवाड्याच्या मराठी शाळेत मुलांच्या दोन पिढ्यांना पाढे पाठ करायला लावून आता घरी बसलेली. मी बसलेली, ते नाहीत. हावगेप्पा कधी बसलेच नाहीत. सकाळी लिंगपूजेला आसनावर असतात तेवढाच त्यांच्या जिवाला थारा. विभूती लावून उठले की झालं सुरू, ह्या खोलीतून त्या खोलीत, अंगणातून माळवदावर, हातात पेचकस आणि तोंडात खिळा.

तरुणपणी गणितात आपटले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बीदरला नरसिंगशेठच्या रेडिओच्या दुकानात नेऊन टाकलं. शेतात ठेवलं असतं तर औत अर्ध्यात सोडून कुठंतरी निघून गेले असते, असं सासूबाई सांगायच्या. दुकानात मात्र रमले. मग टीव्ही आले, मोठे रेडिओ अडगळीत गेले, दुकानाचं शटर खाली आलं आणि हावगेप्पा वीज मंडळात लाइनमन झाले. रिटायर होईपर्यंत खांबावर चढत राहिले. आता लोक आजोबा-पणजोबांचे लाकडी रेडिओ माळ्यावरून काढतात, झटकतात आणि आमच्या घरी आणून ठेवतात. हळ्ळीखेडहून येतात, भालकीहून येतात, उदगीरहूनही येतात. आमच्या मागच्या खोलीत माणसाला पाय टाकायला जागा नाही. रेडिओच्या आत दिव्यासारखे पेटणारे काचेचे वाल हल्ली कुठंच तयार मिळत नाहीत, म्हणून गुरुवार आला की हे हैदराबादच्या बसला. तिथल्या जुन्या बाजारात उन्हात उकिडवं बसून भंगारातून वाल वेचून आणायचे. रुमालात गुंडाळून, शर्टाच्या आत, छातीशी. मला कधी इतकं जपून कुठं नेलं नाही.

त्यांचं एक म्हणणं होतं. चांगला रेडिओ आधी गप्प बसला पाहिजे, मग बोलला पाहिजे. स्टेशन लागलेलं नसताना आत घूं घूं करत असेल तर तो रेडिओ आजारी. ह्या घुमण्याला ते हमिंग म्हणतात. अंगणात उभं राहून, मागच्या खोलीतल्या रेडिओचं हमिंग ऐकून, "टीचर, त्याचा कंडेन्सर सुकलाय" असं ते मला सांगायचे. मला टीचर म्हणतात. प्रेमानं की टोमण्यानं, ते दिवसावर अवलंबून.

तो कान गेला. कधी गेला ते मला सांगता येणार नाही, कारण बायकोला पहिल्यांदा वाटतं ते हेच, की नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. ह्यात नवीन काय? कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, हे शेजारीच उभे. मुलाचा, सिद्धेश्वरचा, पुण्याहून फोन आला की स्पीकरवर टाकायचे, दोनदा "आँ?" म्हणायचे, आणि "रेंज न्हाई" म्हणून माझ्या हातात द्यायचे. मग एकदा मी मागच्या खोलीत गेले तर हे पेचकसाची लाकडी मूठ दातात धरून, टोक रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला टेकवून, डोळे मिटून उभे. मी विचारलं, "ओ, काय करायलाव?" पाठीला हात लावला तेव्हा दचकले. दातांतून हाडाला आवाज कळतो, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मला फक्त राग आला.

"कान तपासून घ्या," मी म्हणाले.

"माझे कान चांगले हायेत. तूच पुटपुटायलीस."

मी! चाळीस पोरांच्या वर्गाला मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं आयुष्यभर बोलले, आणि मी पुटपुटते! पण त्यांचा चेहरा बघून पुढं बोलवेना. रेडिओ करणाऱ्याचा कान गेला तर त्याच्याकडं उरतं काय, हा हिशोब त्यांनी माझ्या आधी केलेला होता. म्हणून तर अस्वस्थपणा वाढला होता. एकच रेडिओ उघडायचे, लावायचे, परत उघडायचे. झालेलं काम पुन्हा करायचे, कारण झालंय की नाही हेच कळत नव्हतं.

अशात हळ्ळीखेडचा काशाप्पा आला. मेंढरांवाल्यांच्या घरचा, आता थोडी शेती आणि बाकी मजुरी. त्याच्या बापानं हौसेनं घेतलेला रेडिओ कांबळ्यात गुंडाळून बसमधून आणला होता. माणूस इतका भिडस्त की चहाचा कप दिला तरी दोन्ही हातांनी घेणार. तो अधूनमधून यायचा, बाहेरच्या खोलीत मीटरखाली चटईवर बसायचा आणि आतल्या खटपटीकडं कौतुकानं कान लावून असायचा. हावगेप्पांशी त्याचं बोलणं कन्नडात, माझ्याशी मराठीत. आमच्याकडं एका वाक्यात दोन्ही भाषा येतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

एका दुपारी तो असाच बसलेला असताना करंट गेला. आत ह्यांच्यापुढं त्याचा रेडिओ पेटीतून बाहेर काढलेला, उघडा, पिन बोर्डात तशीच, बटण तसंच चालू. लाइनमन माणूस, दुसऱ्यानं असं केलं असतं तर त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मागच्या खोलीत पंखा नाही. रेडिओ ऐकताना पंख्याची घरघर नको म्हणून त्यांनीच तो कधीचा उतरवला होता. त्यामुळं करंट आला तरी त्या खोलीत हलायला काही नव्हतं. बाहेरच्या खोलीतला पंखा फिरायला लागला तसा काशाप्पा ओरडला. आतून ह्यांनीही त्याच वेळी विचारलं होतं, "काश्या, करंट?"

"बंतु, अण्णा! करंट बंतु!"

कन्नडात बंतु म्हणजे आला. मराठीत बंद म्हणजे बंद. अख्खा कान असलेल्या माणसाचा इथं कधी घोटाळा होत नाही. अर्ध्या कानाला शेवटचा उकार पोचलाच नाही. हावगेप्पांनी ऐकलं, करंट बंद. आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या तारेला हात घातला.

मी पोळी तव्यावर टाकत होते. आधी धप्प आवाज आला, मग स्टूल पडलं. जाऊन बघते तर हे भिंतीशी, डोळे उघडे, उजव्या हाताची बोटं काळी-पांढरी. डावा हात मात्र पाठीमागं कमरेला, जसा ते काम करताना नेहमी ठेवतात तसाच. एक हात मागं ठेवला की करंट छातीतून जात नाही, ही खांबावरची सवय. त्या सवयीनंच ते वाचले, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले, आणि रडत असताना मनात त्यांना शिव्याही देत होते.

काशाप्पा दाराशी उभा होता. बोटांना पट्टी बांधून घेता घेता हावगेप्पा त्याला म्हणाले, "कामून बंद म्हणलास रे?"

"म्या बंतु म्हणलो, अण्णा."

"बंद म्हणलास. म्या आयकलं."

त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. तो भांडला नाही. त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला आणि आठवत राहिला. मग म्हणाला, "गेलं असंल तोंडातून. अण्णा कशाला खोटं बोलतील?"

घरी आल्यावर मी हावगेप्पांना सोडलं नाही. "तो बंतु म्हणाला. मी चुलीपाशी ऐकलं. रेणुकाबाईंनीही ऐकलं असेल."

"तू पोळ्या करायलीस का कान लावून बसलीस?"

"तुम्हाला ऐकू येत नाही. आणि ते लपवायला तुम्ही त्या गरिबाच्या गळ्यात पाप बांधताय."

त्यांनी पाठ फिरवली. ऐकू आलं नाही असं दाखवायची आता त्यांना चांगलीच सोय झाली होती.

त्यानंतर घरात कुणाच्याच जिवाला स्वस्थता नव्हती. हावगेप्पा पट्टीच्या हातानं काशाप्पाचा रेडिओ जोडत होते. तारांना कथलाचा डाग देताना बोटं वळत नव्हती, तापलेला कावीया हातातून सुटायचा. मध्येच उठून फाटकापर्यंत जायचे, रस्त्याकडं बघायचे, परत यायचे. काशाप्पा फिरकला नाही. हळ्ळीखेडची एक बाई बाजारात भेटली, तिनं सांगितलं, तो सगळ्यांना सांगत फिरतोय की माझ्या जिभेनं अण्णा मरता मरता राहिले. बंतु हा शब्दच त्यानं टाकून दिला होता म्हणे. कुणी विचारलं तर "करंट है" किंवा "करंट न्हाई", एवढंच. मी हे ह्यांच्या ताटाशी बसून, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात राहिला. मग तो ताटात ठेवून ते उठून गेले.

मला गप्प राहणं जमत नव्हतं आणि बोलणंही. चारचौघांत सांगावं तर नवरा उघडा पडणार. न सांगावं तर काशाप्पा जन्मभर स्वतःला खात बसणार. शेवटी मीच त्याला फोन केला, रेडिओ झालाय, न्यायला ये म्हणून. ह्यांना विचारलं नाही.

तो आला आणि उंबऱ्याशीच थांबला. आत ये म्हटलं तर एक पाऊल आत. रेडिओ बाहेरच्या खोलीत टेबलावर होता, पॉलिश केलेला, काटा लखलखीत. हावगेप्पांनी बटण फिरवलं. वाल तापले, मागून नारिंगी उजेड आला, आणि घुमायला लागलं. बारीकसारीक नाही, पिठाच्या गिरणीशेजारी राहावं तसं.

"कसा है, काश्या?" हावगेप्पांनी विचारलं.

काशाप्पानं एकदा रेडिओकडं बघितलं, एकदा त्यांच्या पट्टीकडं. "ब्येस है, अण्णा."

मी तोंड उघडलं. पण त्याआधी हावगेप्पांनी रेडिओच्या पेटीवर डावा तळवा टेकवला होता. तो तसाच ठेवून ते काशाप्पाकडं बघत राहिले. लाकूड थरथरत होतं, मला दिसत होतं.

"हाताला कळायलंय घुमतोय म्हणून," ते म्हणाले. "आन् तू ब्येस म्हणायलास. कामून खोटं बोलायलास रे?"

काशाप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "भ्याव वाटतंय, अण्णा. परत काय तोंडातून चुकीचं गेलं तर?"

हावगेप्पांनी स्टूल ओढलं आणि बसले. बराच वेळ बसले. मग मान वर न करता म्हणाले, "तू बंतुच म्हणलास. चुकलं ते तुझं न्हाई. मला आयकू येत न्हाई, काश्या. वरीस झालं."

काशाप्पानं खाली वाकून त्यांचे पाय धरले, आणि ह्यांनी त्याला तितक्याच घाईनं उठवलं, दोघंही ओशाळले. मला हुंदका फुटला, आणि हुंदका ह्यांना ऐकू जाणार नाही म्हणून मी तो बिनधास्त येऊ दिला.

"टीचर," ते म्हणाले. आवाज चढा होता, स्वतःचा अंदाज नसल्यासारखा. "इकडं ये. हमिंग दोन जातीचं असतं. जाडं असलं तर वाल गेलाय. त्याच्याहून बारीक, वरच्या पट्टीतलं असलं तर कंडेन्सर. सांग बघू कसं है."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पेचकसही नीट धरू दिला नव्हता. मी पदरानं डोळे पुसले आणि रेडिओच्या जाळीला कान लावला. घूं घूं घूं. आजवर ती मला नुसती कटकट वाटत आली होती, तिच्यात जाडं-बारीक असतं हे कुणाला माहीत?

"जाडं," मी म्हणाले.

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पोचलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन तोंड मोठं उघडून परत म्हणाले, "जाडं!"

"नक्की?"

"नक्की नाही. परत लावा."

त्यांनी रेडिओ बंद केला, थोडं थांबून परत लावला, आणि वाल तापेपर्यंत माझ्या ओठांकडं बघत उभे राहिले.