अडतीस पेपरांतलं लॅमिनेशन

वडवणीच्या आठवडी बाजारात मेथीपेक्षा ताजी काही मिळत असेल तर ती दुसऱ्याची भानगड. यंदाच्या जानेवारीतला ताजा माल असा : मोसंबीवाल्या हैदरभाईंची अस्मा, शाळेतली इंग्रजीची मॅडम, तिनं म्हणे पेपर फोडला. ऊसतोड्याच्या एका पोरीला आधीच नेऊन दिला, म्हणून शाळेनं हाकललं. सांगणारा वर म्हणायचा, "आपल्याला काय करायचंय म्हणा!" ज्याला काही करायचं नसतं, तोच चवीनं चघळतो.

अस्मा अंबाजोगाईला बी.एड. झालेली. तीन वर्षं शाळेत तासिकेवर शिकवत होती. 'पुढच्या जूनमध्ये कायम करू,' असं मुख्याध्यापक राधाकिशन सर दर जूनला सांगायचे. यंदा मात्र त्यांनी अट सांगितली : दहावीच्या सराव परीक्षेत निकाल शंभर टक्के आणा, ऑर्डर घ्या.

अस्मा जिवावर उदार होऊन शिकवायची. वाक्यांचे प्रकार तर असे, की ऊसतोडीला कोयत्यावर जाऊन आलेल्या पोरांना पुस्तक उघडायला नको. "एकटा बैल चालला, सिंपल. दोन जुंपले, जू काढलं तरी दोघं आपापले चालतात, कंपाऊंड. ट्रॅक्टरमागं ट्रॉली, खिट्टी काढली की ट्रॉली जागच्या जागी, ते कॉम्प्लेक्स." पोरं माना डोलवायची. आणि परीक्षेच्या दिवशी मोज्यातून घामट चिठ्ठी काढायची.

पेपर तपासायला ती अब्बांच्या दुकानामागच्या सावलीत बसली. प्रश्नात सहा वाक्यं ओळखायची होती. पहिल्या पोरानं आठ उत्तरं लिहिली होती. दुसऱ्यानंही आठ, त्याच क्रमानं. चिठ्ठी गेल्या वर्षीच्या पेपरची होती. प्रश्न वाचायची तसदी कुणी घेतलीच नव्हती. आठव्या उत्तराखाली वळणदार अक्षरात नववी ओळ : 'आमच्याकडे लॅमिनेशन करून मिळेल.' झेरॉक्सवाल्याची जाहिरातसुद्धा उतरवली होती! अडतीसच्या अडतीस जणांनी. एकानं तर खाली पट्टीनं रेघ मारली होती. कुणाच्या पानावर गुटख्याचा लाल अंगठा, कुणाच्या पानाला मोज्याचा वास. अस्मानं ओढणी नाकाला लावली.

"काय झालं बेटा, मळमळतंय का?" हैदरभाईंनी विचारलं.

"पेपर तपासतेय, अब्बा."

"मग लिंबू आणू का?"

एकोणचाळिसावा पेपर ऋतुजाचा. ही पोर आईबापासंगं ऊसतोडीला कारखान्यावर गेलती, परीक्षेच्या पाच दिवस आधी परतली. चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा ती हजर नव्हती, म्हणून तिच्या वाट्याला आली नाही. तिनं सहाच उत्तरं लिहिली होती. चार बरोबर, दोन चूक. चुकासुद्धा तिच्या स्वतःच्या. अस्माला कितीतरी वेळानं मोकळा श्वास आला.

दुसऱ्या दिवशी तिनं गठ्ठा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. त्या प्रश्नाला अडतीस भोपळे, आणि त्यापायी बरेच जण नापास. सर बशीतला चहा फुर्रकन ओढत होते, मिशीला साय.

"मॅडम, एकाच शिकवणीतली लेकरं हायेत. पाठांतर हाय ते."

"लॅमिनेशनचंबी पाठांतर, सर?"

"अक्षर किती छान हाय बघा! अर्धा अर्धा मार्क त्या ओळीलाबी देऊन टाका."

ते चेष्टा करत नव्हते. पेपरांची किळस त्यापुढं काहीच नव्हती.

"माझ्या हातानं न्हाई व्हायचं, सर."

"तुमाला कायम व्हायचंय का न्हाई?"

"व्हायचंय. पण हे गुण मी न्हाई देणार."

सरांनी मिशी पुसली, सगळ्यात वरचा, ऋतुजाचा पेपर उचलला आणि बारीक आवाजात विचारलं, "मग ह्या एकट्या पोरीलाच बरं जमलं? तिला कुणी सांगितलं असंल, मॅडम?"

चहाचा कप न्यायला आलेला शिपाई दारात थांबला. थांबला तो ऐकण्यापुरताच. दुपारी अस्माच्या हातात 'उद्यापासून येऊ नये' अशी चिठ्ठी पडली, तेव्हा ही शंका बाजारात पोचून कोथिंबिरीसंगं विकलीसुद्धा गेली होती. राहिलेले गुण सरांनी स्वतः भरले, लाल पेनानं. निकाल शंभर टक्के लागला. शाळेनं पेढे वाटले. हैदरभाईंच्या दुकानातही एक पुडा आला. अस्मानं तो उघडला नाही.

अस्मानं पेपर फोडला नव्हता. खोटे गुण द्यायला तिनं नकार दिला, म्हणून तिला काढलं.