रानवांग्याचं एकुलतं फळ

आमच्या बागेतल्या काचघराची देखभाल करणाऱ्या बाईंना आम्ही हेडमास्तरीण म्हणायचो. कुणी पानाला बोट लावलं की त्या अशा कडाडायच्या, की लोक तिकिटाचे पैसे परत मागायला माझ्या खिडकीवर यायचे. बाईंचा सगळा जीव एका काटेरी झुडपात अडकलेला. डोंगरकड्यावरचं रानवांगं ते. कड्यावर दरड कोसळली, तिथलं होतं नव्हतं ते गेलं आणि मागे काचघरातलं हे एकच रोप उरलं. दरवर्षी फुलं यायची, गळून जायची. यंदा पहिल्यांदाच एक फळ धरलं, पिकून पिवळं झालं. त्यातल्या बिया मिळाल्या तर वंश टिकणार होता, नाहीतर संपलंच.

बाईंच्या वडिलांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. घरी एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून बाई त्यांना कामावर आणून स्टुलावर बसवायच्या. त्या दिवशी त्या नळ बंद करायला बाहेर गेल्या आणि परत येऊन बघतात तर फांदीला नुसता देठ, वडिलांच्या हनुवटीवर पिवळा रस.

मी गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत म्हातारा घामाने निथळत होता.

"विषारी आहे का ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी खाल्लंय कुठे, की मला माहीत असावं!" बाई म्हणाल्या. "बटाटा त्याच कुळातला, अन् धोतराही त्यातलाच."

नळी घालून पोट धुवायला घेतलं. म्हातारा तडफडत होता, आणि बाईंनी काय म्हणावं?

"ते पाणी फेकू नका. बिया असतील त्यात."

माझं डोकंच फिरलं. "बाप जातोय की राहतोय ते बघा आधी!" मी तोंडावर बोललो. पोटातलं पाणी ज्यात पडत होतं ते पसरट तसराळं त्यांनी नर्सकडून ओढून घेतलं, ते काही सोडलं नाही. तळाशी बारीक बिया दिसत होत्या.

बऱ्याच वेळाने नाडी ठिकाणावर आली. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले मात्र, बाई उसळल्या, "अप्पा, हात कशाला लावलात त्याला?"

म्हाताऱ्याने परक्या बाईकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.

"हळू बोला हो. माझी पोरगी इथंच खेळतेय. दिसेल ते तोंडात घालते कार्टी. म्हटलं, आधी आपण चाखून बघावं. कडूजहर होतं. तिला देऊ नका."

बाईंनी तसराळं खाली ठेवलं आणि त्यांचा हात हातात घेतला.

"नाही देत हो तिला," त्या म्हणाल्या.